कानाचं माप

ब्रह्मपुरीच्या दुकानात तीन तऱ्हा होत्या.
गाणे आयकाचे, झ्याक, लाल.
फोमचे पिवळे बोंडं.
अन् हे जाड, डोक्यावरून कमान.

"सत्तावीस डेसिबल कापते," दुकानदार म्हणे.
मशीन एकशे दहाच्या वर बोंबलते, भाऊ.
बोंडं अन् कमान, दोन्ही दे.

उरकुडा मामा हासला.
तीस वर्षं आरा मशीनवर, कानात सरकीचा कापूस.
आता मामी हाक मारते
तं तो भलत्याच दाराकडे पाह्यते.

साग तडकला तं मले आयकू येनार नाही,
म्हून रैजूच्या हातात लांब बांबू:
पाठीवर एक टोचा, थांब.
दोन, पळ.

सांजच्याला कमान उतरवतो.
बांधीत टिटवी.
मामा बाजूलेच बसला हाये.
मी इचारत नाही.