त्र्याण्णव

नीलमनगरच्या टाकीचं वेळापत्रक आलंय,
अकराशे बेचाळीस ओळी.
माझं काम त्याला गुण देणं.
पाणी देणं माझ्या खात्यात नाही.

सुटी टोकं किती? दोन.
आरंभ आणि अखेर, तेवढी चालतात.
उणे अंतर? नाही.
खिळे ठोकून बसवलेल्या तारखा? एकही नाही.
चव्वेचाळीस दिवसांहून लांब काम? नाही.
संगणक म्हणतो, त्र्याण्णव.
मार्चमध्ये हेच एकसष्टवर परत पाठवलं होतं.

खाली सात रस्त्यावर डांबर मऊ पडलंय.
रिक्षावाला सीटवर ओला टॉवेल अंथरून
त्यावरच झोपलाय.

सही करणार होते.
पण बोट ओळींवरून खाली सरकत गेलं, सवयीनं,
आणि ते नायनांचं बोट निघालं.
नायना वार्पिंगवर होते, अशोक चौकापाशी, बत्तीस वर्षं.
तुटका धागा त्यांना दिसायचा नाही,
हाताला लागायचा.
आठवीच्या सुट्टीत मदतीला गेले होते,
तुटलेलं टोक सापडेना,
शेजारच्या धाग्याला गाठ मारून मोकळी झाले.
ते म्हणाले, मोजणी भरली गं,
चादर नाही भरणार.

चारशे सतरापासून बघत गेले.
भिंतीचा गिलावा, त्याच्या पुढे: प्रकल्प समाप्त.
झडपांची खरेदी, पुढे: प्रकल्प समाप्त.
रस्ता खोदायची परवानगी, पुढे: प्रकल्प समाप्त.
म्हणजे परवानगी अखेरच्या दिवशी आली तरी बिघडत नाही,
रस्ता तोवर खोदून, बुजवून झालेला.
दोनशे सहा टोकं एकाच खुंटीला,
मंगळवार बाजारातल्या शेळ्यांसारखी.

बसवराज हत्तरगीला फोन लावला.
"मार्क पडले की मॅडम, अजून काय पायजे?"
उद्धट नव्हता. दमलेला होता.
मग थोडं थांबून,
"मार्चचं काढून बघा. खरं तेच होतं."

काढलं.
त्यात एक ओळ होती, मी विसरून गेलेली:
जुनी जलवाहिनी नेमकी कुठून जाते ते शोधणे, साठ दिवस.
शेजारी लाल शाईत माझंच अक्षर:
कालावधी फार. तुकडे करा किंवा काढा.

त्यानं काढली.

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी.
पहाटे जाफरभाई आले, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी.
घागर खाली ठेवून विचारलं,
जुनी लाइन कुठून गेलीय हो?
त्यांनी चपलेनं मातीत रेघ ओढली.
थांबले.
पुसली, हातभर बाजूला दुसरी ओढली.
"इथं असंल. नायतर तिथं.
आमच्या अब्बांना ठाऊक होतं."

ऑफिसात आल्यावर पंखासुद्धा लावला नाही.
खुंटीच्या गाठी एकेक सोडवल्या, दुपार गेली त्यात,
डब्यातली भाकरी होती त्याहून कडक झाली.
चारशे सतराच्या वर रिकामी ओळ घातली:
शोधणे. साठ.
आणि पुन्हा चालवलं.

टाकी दिवाळीतून उठली
आणि गड्ड्याची जत्रा ओलांडून पार उन्हाळ्यात जाऊन बसली.
गुण अठ्ठावन्न.
साहेब विचारतील. बसवराजही विचारेल, वेगळ्या कारणानं.
मी पडद्यावरून बोट फिरवत राहिले.
खरखरीत लागत होतं,
ठिकठिकाणी.