वहीतला चौथा रकाना

जैताण्याच्या नाल्यापल्याड आमचं तीन एकर मुरमाड,
त्यावर सतरा मेंढ्या, एक बकरी,
आणि वैजूची सातवीतली गणिताची वही.
पुढून तिचं त्रैराशिक, मागून माझा हिशोब :
मेंढी कोण. नर कोणाचा. फळली ती तारीख.
चौथा रकाना मी नंतर आखला,
काडेपेटीच्या कडेनं, म्हणून वाकडा.
त्यात लिहायचं : आईनं घेतलं का.

सकाळी आधी वास येतो, मग मेंढ्या दिसतात.
वैजूचे आबा वाघूर सोडतात, मी मोजते.
सतरा. पुन्हा मोजते.
मोजताना बोलायचं नाही,
सासूबाईंचं एवढं एकच शिकवणं मी पाळलं.

नर आमचा नाही.
निजामपूरच्या भिला ठेलारीचा,
दोन पावसाळ्यांपुरता आणलेला.
बदल्यात त्याला एक मादी द्यायची,
आणि ती तो निवडणार.
कळपात नुसता उभा राहतो, तंबाखू मळत,
मग हनुवटीनं दाखवतो
नेमकी तीच, जी मी मनात झाकून ठेवलेली.
"वहिनी, तुमनी नजरच सांगी देस," म्हणतो.

कातरायलाही तोच येतो.
खच्च, खच्च, आणि मेंढी निम्मी होते,
उठून उभी राहते, पाहुण्यांसमोर
पदर सुटल्यासारखी.
डोक्यामागे वीस रुपये त्याचे.
लोकर विचारायला कोणी फिरकत नाही.
पोती पडून राहतात; मी ती शेवग्याच्या आळ्यात दाबते,
चार दिवस ओल धरते.
आमचा शेवगा घोंगडी पांघरून वाढलाय.

पौषात काबरी व्याली. जुळं.
पहिलं चाटून कोरडं केलं,
दुसऱ्याला ढुशी.
मी त्याच्या पाठीवर मीठ चोळलं, चाटावं म्हणून.
तिनं मीठ चाटलं,
मिठाखालचं कोकरू नाही.

मग आबांनी तिचा मागचा पाय धरायचा,
मी याचं तोंड लावायचं :
पहाटे, दुपारी, दिवेलागणीला,
आणि रात्री दोनला, शेताची लाइट येते तेव्हा,
मोटर चालू करायला उठायचंच असतं म्हणून.
वरून बकरीचं दूध, बाटलीनं.
वहीत : नाही. नाही. नाही.
वैजू पान उलटून म्हणाली,
आई, हे तर नापासाचं प्रगतिपुस्तक.
मी विचारलं, कोणाचं?
ती पेन्सिलीचं टोक बघत बसली.

कोकरू माझ्या मागे मागे. चुलीपाशी, मोरीपाशी,
बचत गटाच्या बैठकीतसुद्धा;
तिथे अध्यक्षीणबाईंच्या पदराचं टोक चघळून आलं.
दंड लागला नाही. त्याला चहा मात्र मिळाला, बशीत.

मुनाफ व्यापारी आला,
उपरण्याखाली आबांच्या बोटांशी बोलला बराच वेळ.
चार नर गेले टेम्पोत.
याला त्यानं उचललं, हातात तोललं,
खाली ठेवलं. पुढच्या खेपेला, म्हणाला.

बाविसाव्या दिवशी
काही घडलं नव्हतं. वारं तेच, चारा तोच,
दादरचा कडबा, थोडी ढेप.
मी बाटली घेऊन गेले तर
काबरी उभी, डोळे अर्धे मिटून रवंथ करत,
पाय कोणीही धरलेला नाही,
आणि हे तिच्या पोटाखाली, पुढच्या गुडघ्यांवर,
शेपटी नुसती भिरभिरत.

मी हाक मारली.
रोजची, जिभेनं टाळूवर वाजवायची ती.
शेपटी थांबली नाही.

परत मारली, जरा हळू.
काबरीनंच माझ्याकडे पाहिलं,
बँकेत रांगेतली बाई पाहते तसं.

घरात येऊन वही काढली.
लिहिलं : घेतलं.
अक्षर बरं आलं नाही म्हणून
खाली पुन्हा लिहिलं.
बाटलीचं रबरी बूच उकळत्या पाण्यातून काढून
खिळ्याला अडकवलं, पुढच्या सालासाठी,
आणि तयार केलेलं दूध चहात ओतलं.

आबांनी घोट घेतला, कपाकडे पाहिलं.
"आज चहा घट्ट शे," म्हणाले.