लोणा

बोहोरपट्टीतलं ते दुकान
बाहेरून मोजलं की कागदाला जुळतं,
आतून मोजलं की कमी भरतं.
भिंतीच तेवढ्या जाड.
एक कोनाडा आहे, कोपरापर्यंत हात जाईल इतका खोल,
त्यात देव नाही, दिवा नाही,
नुसती एक शिसवी खुंटी.
तिला म्हणे तराजू टांगायचे.

नगर भूमापनात एकवीस वर्षं झाली मला.
मिळकत पत्रिकेवरून नावं कशी जातात ते बघत आलेय.
आधी वारस लागतात, मग भांडतात,
मग नावाभोवती एक बारीक कंस पडतो
आणि माणूस कागदावरून उतरतो,
घाटाच्या पायरीवर चपला ठेवून
पाण्यात उतरावा तसा.

सगळ्यात जुनं नाव मोडीत.
पाटणकरांनी भिंग लावून वाचून दिलं:
नारोशेट वलद बाळशेट, वाणी, राहणार आगाशी.
धंदा मीठ.

आगाशी! म्हणजे समुद्रावरचा माणूस.
मिठागरं तिकडं, वसईच्या अंगाला,
आणि वखार इथं, गोदावरीपासून चार गल्ल्या आत.
थळ घाट चढून वंजाऱ्यांचे बैल यायचे,
पाठीवर गोण्या, गोण्यांत सुकलेला समुद्र.
उतरताना तांबट आळीतले हंडे घेऊन जायचे,
रिकामे, म्हणून घाटभर वाजत.

दिवाळीनंतर यायचा, शिमग्याला परत जायचा.
पहिल्या पहिल्या रात्री त्याला झोप लागली नसणार.
उन्हाळ्यातली आमची नदी काही बोलत नाही.
लाटांवर वाढलेल्या कानाला
इतकी शांतता म्हणजे
उधारी बुडाल्यासारखी.

मग आगगाडी आली.
घाटात बोगदे पडले, बैल उतरले ते उतरलेच.
मीठ डब्यात बसून परस्पर खानदेशात गेलं.
राहीबाई भ्रतार नारोशेट हिनं वखार विकली,
रुपये चारशे दहा.
अंगठा नाही, सही आहे तिची,
शेवटच्या अक्षराची शेपटी
कागदाबाहेर निघून गेलेली.

अब्बासभाई कादरभाईंनी पत्रे आणि खिळे भरले.
वर्षभरात सगळ्याला गंज.
त्यांना वाटलं, वजन वाढवायला कुणीतरी पाणी मारतंय.
दोन नोकर काढले. एक जण कुराणाची शपथ घेत होता.
त्यांच्यानंतर पूनमचंद छाजेड, कापडवाले.
तळातल्या थप्पीला दरसाल पिवळे डाग.
फरशी बदलली, शांत केली, मुनीम बदलला.

आता त्यांचा पणतू ऋषभ.
मोबाईलची कव्हरं, काचा, चार्जर.
मे महिन्यात दोन हात पुट्टी, दोन हात रंग.
नारळी पौर्णिमेच्या आत भिंत फुगली,
पापड भाजल्यासारखी.
तो तावातावानं ऑफिसात आला:
शेजाऱ्याचं ड्रेनेज झिरपतंय माझ्या हद्दीत,
मोजणी लावा.

म्हणून मी गेले. टेप लावली, खुणा केल्या.
हद्द होती तिथंच होती.
सखाहरी पेंटर स्टुलावर बसून हे सगळं बघत होता.
मग उठला, नखानं भिंतीवरचं पांढरं खरवडलं,
जिभेला लावलं.
"लोणा आहे, म्याडम. ह्याला रंग धरत नाही.
आमच्या बापानंबी सोडून दिली व्हती ही भित."

ऋषभ काउंटरवर गिऱ्हाईक बघत होता.
मीही बोट लावलं.
सरकारी माणसानं असं करू नये.
केलं.

संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला.
चतुःसीमा.
पूर्वेस बोळ.
दक्षिणेस छाजेड यांचीच दुसरी मिळकत.
उत्तरेस सरकारी रस्ता.
पश्चिमेस
पेन जरा थांबलं.
मग नियमानं शेजाऱ्याचं नाव घातलं,
शिक्का मारला.

जीभ अजून खारट होती.