गडग्याच्या अलीकडे

कंद लावताना शेंडा वर ठेवावा,
कंदाच्या दुप्पट खोल पुरावा
आणि मग त्याला विसरून जावं.
यातलं तिसरं आमच्या घराला छान जमलं.

कोरगावच्या या परसात रंगांचं खातं माझ्याकडे.
भाद्रपदात गुलाबी लिली,
चवथीच्या पाहुण्यांनी तुडवली तरी
दोन दिवसांत मान वर काढणारी.
थंडीत निशिगंध. त्याचे कंद मी उपसते,
जुन्या पेपरावर पसरते, राख चोळते
आणि बिस्किटांच्या डब्यात भरून खाटेखाली ढकलते.
उमाकांत म्हणतो, बटाटे समजून एकदा भाजी करशील.

मे महिना मी मोकळाच सोडते.
मेमध्ये सोलं वाळतात, मिरच्या वाळतात,
पुरुमेताची अर्धी बेगमी अंगणात लोळत असते.
आणखी रंग हवाय कुणाला?

यंदा मोजणीदार येणार म्हणून
गडग्याकडची लाकडं हलवली,
गॅस आल्यावरही अकरा वर्षं रचून ठेवलेली.
पावसात त्यांच्या फटींतून ठिपक्यांचे देठ डोकावत,
मी म्हणायचे, रानसुरण,
आणि विळा घ्यायचे.

आठव्या दिवशी सकाळी
जमिनीतून लाल चेंडू वर आले.
पान नाही, फांदी नाही,
नुसता देठ आणि त्यावर पेटलेला गोळा.
सतरा. मी दोनदा मोजले.
आणि शाळेत मुलांना रांगेत उभं करावं
तसे एका ओळीत,
गडग्याच्या अलीकडे,
आमच्या बाजूला, दोन हात आत.

तेव्हा आवडीकाकी आठवली, रोहिदासची आई.
मी नवी असताना म्हणाली होती,
“माझ्या वईला लागून लाल चेंडू येतात गो,
म्हापशाच्या बाजारातून आणलेत,
मेमध्ये माहेरी पळू नकोस, बघून जा.”
मी दर मेमध्ये माहेरी पळाले.
पाचव्या वर्षी काकी गेली.
त्या पावसाळ्यात वई कुजून पडली
आणि सासऱ्यांनी चिऱ्यांचा गडगा घातला,
जरा सरळ, म्हणाले,
जरा सरळ.

पेडण्यात मामलेदाराकडे एकोणीस वर्षं केस आहे.
नकाशे आहेत, एक-चौदाचे उतारे आहेत,
दोन वकील होते, एक वारला.
कुणीच जमिनीला विचारलं नव्हतं.

उमाकांत बराच वेळ ओळ बघत उभा राहिला.
मग म्हणाला, “फुलं काय कागदावर येत नाहीत.”
मग म्हणाला, “मिरच्यांच्या चटया
इथे पसर ना, ऊन चांगलं आहे.”

रात्री मी कुदळ घेऊन बाहेर गेले, हेही सांगते.
सतरा कंद, तासाभराचं काम.
हात लावला तर माती अजून दुपारची गरम.
एकही उपटला नाही.
पण गडग्यापलीकडे हाकही मारली नाही,
तेवढी चांगली मी नाही.
चटया विहिरीकडे पसरल्या, इतकंच.

मोजणीदार निवडणुकीच्या कामाला गेला होता.
तो आला तेव्हा चेंडू सुकून काड्या झालेले,
बाजूने हिरवी पानं उलगडलेली.
“हे काय?” त्याने बुटाने दाखवलं.
उमाकांतने माझ्याकडे बघितलं.
“कंद,” मी म्हटलं. “काकीचे.”
“कोणती काकी?”
गडग्यावरून रोहिदासच्या बायकोचं डोकं दिसत होतं,
ओले केस, हातात तांब्या,
ती काही बोलली नाही.
“पलीकडची,” मी म्हटलं.
त्याने वहीत लिहिलं: झुडपे.

पुढची तारीख ऑगस्टात.
परवा प्रतिमाने गडग्यावरून विचारलं,
“त्यातले चार देशील? कुंडीत लावीन.”
पानं सुकली की देईन म्हटलं, आता हलवले तर रुसतील.

माती जरा उकरून पाहिली.
एकेका कंदाला दोन-दोन पिल्लं फुटलीत,
काही या अंगाला, काही त्या.
अशानं ओळ फार वर्षं सरळ राहायची नाही.