आवश्यक रकाना

उन्हाळाभर आमचं एव्होराकडचं गाव भाजून निघतं,
त्यात घरात भट्टी.
म्हणून मी लॅपटॉप रात्री उघडते
पाण्याच्या डोणीशेजारी,
जिथे बाबा तापलेल्या घंटा बुडवतात.

आकार: दहा. पट्टा: चामडी, लाकडी, पट्ट्याविना.
जनावर: मेंढी, शेळी, गाय, कुत्रा.
दहा त्रिक तीस, तीस चोक वीसासे.
यंत्राने एका दमात एकशेवीस ओळी घातल्या,
बेडकीने अंडी घालावीत तशा.
आता प्रत्येकीला किंमत हवी, फोटो हवा, शिल्लक हवी.
मेंढी, आकार दहा: खोडते. मान मोडेल बिचारीची.
कुत्रा, लाकडी पट्टा: कुरतडेल.
खोडत खोडत येते सत्तेचाळीसवर.

"आवाज कुठे टाकलास?" बाबा विचारतात.
बेल्मीरू, वय एकोणऐंशी, उजव्या कानाने ठार बहिरे.
मी म्हणते, आवाजाला रकाना नाही.
"मग विकतेस काय?"

खरंच आहे.
एकाच पत्र्याच्या, एकाच मातीत लिंपलेल्या,
एकाच आचेत भाजलेल्या दोन घंटा,
एक मावशीसारखी बोलते, दुसरी तिच्या नवऱ्यासारखी.
मी आपलं लिहून ठेवलेलं, रंग: पितळी.
मग तळाशी एक ओळ वाढवली:
फोटोतली घंटा आणि तुमची घंटा
बहिणी असतील, जुळ्या नव्हेत.
भाचा टेल्मू म्हणाला, अशाने माल परत येतो.

तिसऱ्या आठवड्यात ब्रागान्साहून कुणी झुल्मिरा.
आकार चार. पट्टा चामडी. जनावर...
त्या रकान्यावर लाल तारा आहे,
निवडल्यावाचून पुढे सोडत नाही.
तिने निवडलं शेळी.
आणि खाली, भेटसंदेशाच्या चौकटीत:
शेळी नाही. माझी आई आहे.
रात्री दार उघडून निघते.
दुसरं काही घेईना, म्हणून शेळी. माफ करा.

मी ते मोठ्याने वाचलं, डाव्या कानात.
बाबा हसले नाहीत. हळहळलेही नाहीत.
मेंढपाळाला विचारतात तेच विचारायला लावलं:
किती लांब जाते? चढाने की उताराने?
वारा कुठून असतो?
आणि शोधायला जो उठतो, त्याची झोप कशी आहे?

उत्तर पहाटे चारला आलं.
उताराने. नदीकडे.
झोप माझी. झोप कसली.

"मग चिरका नको, म्हातारी दचकेल.
खालचा हवा. लांब पोचणारा."
ठोकली, कान लावला, ठोकली.
एक कोपरा जरासा आत घेतला.
पट्टा मात्र काढून टाकला.
"गळ्यात नको. माणूस आहे."
कोटाच्या अस्तरात शिवता येईल
अशी बारीक कडी बसवली.

त्या रात्री मी लाल तारा काढला.
नवा पर्याय घालायला गेले.
'आई' लिहिलं, खोडलं. 'इतर' लिहिलं,
तेही बरं वाटेना.
पडदा विचारत होता:
पर्याय बदलले आहेत, सगळ्या ओळी पुन्हा तयार करू?
मी 'नंतर'वर बोट ठेवलं.

सकाळी पार्सल काट्यावर ठेवताना
आतून ती एकदाच वाजली.
लोलक कापडात गुंडाळायचा राहिला होता.
वजन चारशे दहा ग्रॅम.
शिल्लक: शून्य.