ल्युसीनशिवाय

ऑर्हूसमध्ये रात्रीचे अकरा.
मार्जुन पेशींचं जेवण काढून घेते,
गुलाबी द्रव शोषून, दोनदा धुऊन
दुसरा ओतते, तितकाच गुलाबी.
साखर आहे, मीठ आहे,
वीसांतली एकोणीस अमिनो आम्लं आहेत.
ल्युसीन तेवढं नाही.

पेशींना कळतंच.
लायसोसोमच्या उंबऱ्यावर बसून
"रचा, अजून रचा" म्हणणारा
एमटॉर नावाचा कारभारी
उठतो, काही न बोलता निघून जातो.
रायबोसोमांचे माग मंदावतात.
मग कुठूनसा एक दुपदरी पडदा येतो,
थकल्या मायटोकॉन्ड्रियाभोवती वळतो
आणि मिटतो.

वहीत: तीस मिनिटं.

फोन. सॅन्डॉय बेटावरून ब्रांडुर.
"बाबा जेवत नाहीत गं. सूपसुद्धा नाही.
मांड्यांच्या नुसत्या काठ्या झाल्यात."
"जेवतायत," ती म्हणते. "स्वतःलाच."
आणि लगेच वाटतं, हे बोलायला नको होतं.
फोनमध्ये बराच वेळ वाराच.

त्या बेटावर झाड नाही.
लाकूड म्हणजे वाहून आलेलं,
नाहीतर जुनी होडी.
ती नऊ वर्षांची होती तेव्हा बाबांनी स्वतःची होडी मोडली,
स्वतः बांधलेली. हळूहळू, पूर्ण हिवाळाभर.
फासळ्यांची झाली दाराची चौकट,
तळाच्या फळीचं तिच्या पुस्तकांचं फडताळ;
इतिहासाच्या वहीला शाळा सुटेपर्यंत डांबराचा वास.
एकेक खिळा उपटून, दगडावर ठोकून सरळ करत,
लांबीप्रमाणे डब्यात.
आई म्हणायची, पुरे आता.
ते म्हणायचे, हा एवढा.

नव्वद. एकशेवीस.
पडद्याआड जे विरघळलं
त्यातूनच थोडं ल्युसीन सुटलंय.
कारभारी परत येतोय, एखाद्याच उंबऱ्यावर,
चोरपावलांनी.
मोडतोडच आपल्या हाताने
मोडतोडीला आवर घालते.
हे तिनं शंभरदा पाहिलंय,
आज नोंदवायला हात उचलत नाही.

बाबांच्या मांडीतलं ल्युसीन
या घडीला कुठे पोचलं असेल?
एखाद्या ठोक्यापर्यंत?

ती परत फोन लावते.
"झोपलेत?"
"नाही," ब्रांडुर म्हणतो. "गोधडीवर हाताने
काहीतरी करत असतात सारखे.
चिमटीत धरल्यासारखं करतात, फिरवतात, बाजूला ठेवतात."

"करू दे," मार्जुन म्हणते.
"डबा जवळ ठेव."