नळी

सकाळी सहाला लुसविमिंदाच्या पुतण्याची व्हॅन,
आत आम्ही चौघी,
पायाशी रिकामे डबे, झाकणांसकट.
उरलेलं टाकून यायचं नसतं,
हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही.

सव्वीस वर्षं एका खोलीत बसलो, खांद्याला खांदा,
मनिलाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
जेद्दाहून नवरा, हाँगकाँगहून आई,
तीन मिनिटं, पुढे जादा आकार.
ऐकायचं नाही असा नियम होता.
आम्ही ऐकायचो.
पलीकडे कुणी रडायला लागलं
की शेजारणीच्या टेबलावर दोन टिचक्या:
राहू दे, कापू नकोस.

तागायतायच्या कड्यावरचं हॉटेल.
पेर्पेतुआनं आधीच बजावलं होतं,
ज्वालामुखी दिसेल असंच टेबल हवं.
टेबल होतं, खिडकी होती,
खिडकीत धुकं, ओल्या चादरीसारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वेटर पोरगा पांढऱ्यात बोट खुपसून दाखवत होता:
इथे तळं, तळ्यात बेट,
बेटावर डोंगर, डोंगराच्या पोटात पुन्हा तळं.
पेर्पेतुआ म्हणाली, बाळा, लाईन लागत नाहीये,
थोड्या वेळानं प्रयत्न कर.

मग बुलालो आला.
गाईच्या नडगीचा रस्सा, मक्याची कणसं, कोबी, अख्खी मिरी,
आणि वाफ एवढी, की चष्मे चारही गेले.
मधोमध एकच नळी, मगजानं गच्च भरलेली.
तू घे. नको गं, तू घे.
मला साखर आहे. साखरेचा आणि मगजाचा काय संबंध?
तुझा वाढदिवस झाला ना? मार्चमध्ये झाला.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
आमच्या जिभांना समोर हाड ठेवूनही फरक पडला नाही.
दोरायला अलीकडे ऐकू येत नाही,
कानात यंत्र घालते, पण आज घरी विसरलेली.
तिनं शांतपणे नळी उचलली,
ताटलीवर ठक् ठक् आपटली,
कलमान्सी पिळली, बोराएवढं लिंबू ते,
आणि वाद संपवला.

दुपारी खाली, तळ्याच्या काठावर,
बांबूच्या खांबांवर उभी खानावळ.
फटींतून पाणी दिसतं, चप्पल जपावी लागते.
केळीच्या पानावर भात, तळलेले तावीलिस,
बोटभर मासे, डोक्यासकट कुरकुरीत,
व्हिनेगरमध्ये बुडवायचे, काटा शोधत बसायचं नाही.
हातानं जेवलो. पेर्पेतुआच्या अंगठीत भात अडकला.
लुसविमिंदा सांगत होती त्या खलाशाची गोष्ट,
दर रविवारी दोन बायकांना फोन लावायचा,
तेच शब्द, त्याच क्रमानं,
आणि एकदा मीच उलटीकडे जोडून दिला, म्हणाली,
चुकून.
चुकून? आम्ही तिघी.
म्हणजे दोघी. दोराय पाण्याकडे बघत होती.

दोराय एकदम मोठ्यानं बोलली,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी:
तो बघा.
आम्ही वळेपर्यंत ढग पुन्हा बसला होता.
कसा होता? मी ओठ हलवून विचारलं.
छोटा, ती म्हणाली. भाताच्या मुदीएवढा.
मग उरलेले मासे मोजून डब्यात भरायला लागली.

परतीला ट्रॅफिक, अलाबांगपासून मुंगीच्या पावलानं.
पेर्पेतुआ घोरत होती, मांडीवर नारळाचा पाय,
खोका कोमट, तळाशी तुपकट डाग.
दोरायचं घर आधी येतं.
पुढच्या महिन्यात ती मुलीकडे दावावला जाणार,
कायमची. दिवसभर कुणी हा विषय काढला नव्हता.
ती उतरली, डबा घेतला, दार लावलं.
पुतण्यानं गिअर टाकला.
तेव्हा बाहेरून काचेवर
दोन टिचक्या.

थांब रे, मी म्हटलं.
त्यानं विचारलं, काही विसरल्या का?
हो म्हटलं, आणि उतरले,
हात अजून व्हिनेगरच्या वासाचे.